सुद्या, काकांची स्प्लेंडर कापू नकोस

प्रिय सुद्या,

तू पाठवलेला फोटो काल रात्री बघितला आणि त्याबरोबर काकांची स्प्लेंडर तशी करून द्यायला त्या गॅरेजवाल्याने दिलेला 42 हजारांचा हिशोब पण वाचला. झोपच आली नाही रे. फोटोतली गाडी दिसायला छानच आहे, मागचा भाग कापलेला, सिंगल सीट, खाली वाकलेलं हँडल, जाड टायर, सगळं खरंय. पण ती काकांची, तुझ्या बाबांची गाडी आहे आणि तुला त्यावरून रोज सातपूरला ड्युटीला जायचंय आणि पाऊस उघडला की माझ्याबरोबर कोकणात यायचंय, असं तूच लिहिलंयस, मग त्या फोटोतल्या गाडीवर यातलं काय होणार ते मला सांग. म्हणून फोनवर न बोलता नीट बसून लिहितोय, फोनवर आपलं बोलणं कुठल्या कुठे जातं.

माझी स्प्लेंडर 1999 ची आहे, बाबांची, तुला माहितीये. गेली 11 वर्षं मी ती रोज चालवतोय, सिंहगड रोडवरून हिंजवडी आणि परत, आणि वर्षातनं दोन तीन वेळा लांब. या 11 वर्षांत मी तिच्यात बऱ्याच गोष्टी बदलल्या, त्यातल्या काही परत काढून मूळच्या बसवल्या, तेव्हा कुठे मला कळलं की कुठला बदल आपल्याला रस्ता देतो आणि कुठला बदल आपल्याकडचा रस्ता काढून घेतो.

तुझ्या गॅरेजवाल्याच्या यादीत पहिलीच गोष्ट आहे चेन कव्हर काढणे. अरे जुन्या स्प्लेंडरचं ते पूर्ण बंद चेन कव्हर म्हणजे त्या गाडीतली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे! धूळ नाही, चिखल नाही, वंगण आत टिकतं, म्हणून तर आपल्या वडलांच्या पिढीने वर्षानुवर्षं एका चेनसेटवर गाडी चालवली. ते काढलंस की पहिल्याच पावसाळ्यात चेन गंजून किरकिरायला लागेल. दुसरी गोष्ट साडी गार्ड. तुला ते म्हाताऱ्या माणसांच्या गाडीसारखं वाटत असेल पण लांब जाताना डाव्या बाजूची बॅग चाकात जाण्यापासून तेच वाचवतं, मी तर उजव्या बाजूला पण तसंच एक बनवून घेतलंय वेल्डिंगवाल्याकडून, सळईचं. आणि मागची चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कापली की कॅरिअर गेलं, काकूंना मागे बसवून देवळात न्यायचं गेलं, आणि गाडी कागदावर आहे त्यापेक्षा वेगळी झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मधे सरळ लिहिलंय की कंपनीने बनवलेल्या आणि आरसीवर नोंदवलेल्या तपशिलापेक्षा गाडी बदलता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने 2019 च्या जानेवारीत तेच पुन्हा सांगितलं. रंग बदलायचा असेल तर आरटीओकडून नोंद करून घेऊन बदलता येतो, तो हवा तर बदल. पण मला विचारशील तर तो काळ्यावरचा जांभळा पट्टा तसाच ठेव.

आता माझी चूक सांगतो म्हणजे तू करणार नाहीस. 2016 ला कोणीतरी सांगितलं की पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, 14 दात्यांचं काढून 15 चं टाक, हायवेला इंजिन शांत पळेल. टाकलं. सपाट रस्त्याला खरंच छान वाटलं. मग मी दोन बॅगा, तंबू आणि मागे धाकट्या भावाला घेऊन ताम्हिणीला निघालो, पौड मुळशीपर्यंत मजेत, आणि पुढे चढ लागला तसा तिसरा गिअर ओढेना आणि दुसऱ्यावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, मी क्लच अर्धा दाबून दाबून चढवली आणि निजामपूरला उतरेपर्यंत क्लच प्लेटचा वास येत होता. 97.2 सीसीचं इंजिन आहे, सात साडेसात हॉर्सपॉवर, त्यातला एक दाता पण फुकट घालवण्याएवढी ताकद त्याच्याकडे नाही. पुण्याला आल्यावर त्याच आठवड्यात परत 14 चं बसवलं. ही गाडी 50-55 ने चालवायची, दिवसभर चालवायची, त्या वेगाला ती थकत नाही.

लाइटचं मात्र मी बदललंय आणि तुला पण बदलायला सांगेन, कारण हा खरा बदल आहे. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, इंजिनवर वीज बनवणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधनं थेट येतो, एसी. म्हणून रेस कमी केली की लाइट मंद होतो. शहरात चालून जातं. पण घाटात रात्री, वळणावर तू रेस सोडतोस, ब्रेक लावतोस, नेमका तेव्हाच समोरचा रस्ता दिसेनासा होतो. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी उतरताना, अंधार आणि वर धुकं, मी प्रत्येक वळणाला क्लच दाबून रेस देत देत उतरलोय, फक्त लाइटसाठी, आणि तेव्हा मागे बायको होती. ती काही बोलली नाही पण तिने जॅकेट किती घट्ट धरलं होतं ते मला अजून आठवतं.

त्यावर उपाय असा की मॅग्नेट प्लेट खोलून लाइटिंग कॉइलचं जे टोक आतमधे बॉडीला अर्थ केलेलं असतं ते सोडवायचं, त्याला वायर जोडून बाहेर आणायची, मग फुल वेव्ह रेग्युलेटर लावायचा, म्हणजे सगळा करंट डीसी होऊन बॅटरीत येतो आणि हेडलाइट बॅटरीवरनं रिले आणि फ्यूज घालून चालवायचा. ऐकायला मोठं वाटतं पण चांगला इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात करतो. नुसता एलईडी बल्ब आणून मूळच्या वायरिंगवर लावू नकोस, एसीवर तो फडफडतो आणि लवकर जातो. मूळचा बल्ब 35 वॉटचा, चांगला एलईडी त्याच्या निम्म्यात काम करतो, त्यामुळे बॅटरी छोटी असली तरी पुरते, आणि मोबाइल चार्ज करायला पण थोडा करंट उरतो. फक्त लाइटचा झोत खाली लाव, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये. घाटात तोच माणूस आंधळा होऊन आपल्या अंगावर येतो.

टायर. दोन्हीकडे 2.75-18 असतात, मागे मी 3.00-18 टाकलाय, त्याच रिमवर बसतो, कव्हरला घासत नाही ना तेवढं बघून घ्यायचं. त्याहून जाड नको, गाडी वळणाला जड होते आणि अॅव्हरेज जातं. तुझ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असली तरी काढून टाक, तीन वर्षं एकाच जागी उभे आहेत. टायरवर चार आकडे असतात ते बघ, 2319 असेल तर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. काकांनी शेवटचे कधी टाकले ते त्यावरनं कळेल. हवा एकटा असशील तर पुढे 25 मागे 28, मागे कोणी असेल तर मागची वाढवायची.

ब्रेक ड्रमचे आहेत आणि ते ड्रमचेच राहू देत. लोक डिस्क बसवायला निघतात, पुढचे शॉकअप बदला, चाक बदला, हजारो रुपये. त्याआधी ड्रम उघडून साफ कर, नवे लायनर, कॅमला किंचित ग्रीस आणि नवी केबल, एवढं कर आणि मग चालवून बघ. ब्रेक पूर्ण दाबल्यावर प्लेटवरचा बाण खुणेपाशी पोचला की लायनर संपले. ही खूण तिथे आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, पण बघ. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं आणि मधोमध खट करून अडकलं तर कोनसेट गेला, मग गाडी सरळ रस्त्यावर पण डुलत चालते आणि आपल्याला वाटतं टायर खराब.

इंजिनचं मी जास्त लिहीत नाही कारण काकांनी ते उत्तम ठेवलेलं असणार. ऑइल 900 मिली, बघताना दांडी आत नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, नाहीतर माप चुकतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, थंड इंजिनवर 0.05 मिमी, फिलर गेजची पातळ पट्टी लावून. कोणी आवाज येतोय म्हणून टॅपेट एकदम घट्ट करून देत असेल तर देऊ नकोस, थोडं वाजणारं टॅपेट बरं, घट्ट टॅपेटने व्हॉल्व्ह जळतो. आणि तो मोठ्या आवाजाचा सायलेन्सर यादीतून आधी खोड, पोलीस पकडतात हा एक भाग, पण धूर मोकळा झाला की पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि कार्बोरेटरचे जेट न बदलता तसंच चालवलं तर इंजिन तापतं.

पेट्रोलबद्दल मात्र सावध रहा. आता पंपावर मिळतं ते ई 20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल, आणि आपल्या गाड्यांचे रबराचे भाग त्यासाठी बनलेलेच नाहीत. माझी पेट्रोलची नळी वर्षभरात चिकट होऊन फुगली, कार्बोरेटरची सुई टिपकायला लागली. नळी इथेनॉलला टिकणारी घे, कार्बोरेटरचं किट बदल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवायची आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरमधे पेट्रोल उरत नाही. गंमत बघ, काका हेच करायचे ना? घरी आले की स्टँडला लावायच्या आधी वाकून कॉक बंद. मला गाडी शिकवली ती याच गाडीवर, गोल्फ क्लब मैदानावर, आणि क्लच कसा सोडायचा याच्याही आधी कॉक दाखवला होता. माझ्या बाबांना मी ती सवय तुझ्या बाबांची लावली.

लांब जायचं असलं की मी एक करतो, जुना मिस्त्री एकदा म्हणाला होता, नवी क्लच केबल गाडीला आधीच्या केबलला चिकटून बांधून ठेवायची, दोन्ही टोकं टेपने बंद करून. तुटली की नुसती टोकं अडकवायची, दहा मिनिटांत निघालो. माणगावच्या पुढे मला ती एकदा लागलीये. शिवाय एक प्लग, प्लगचा पाना, मागच्या चाकाच्या नटाचा पाना, एक ट्यूब, दोन चेन लॉक. चेन लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवी, उलटी बसवली तर निघून जाते, म्हसळ्याच्या अलीकडे माझी गेलीये आणि दीड किलोमीटर ढकलत नेली, बसवणाऱ्याने उलटी बसवली होती आणि मी बघितलं नव्हतं. आता दरवेळी बघतो.

जायचा रस्ता पण मी ठरवून ठेवलाय. ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला जेट्टीवर गाड्या फेरीबोटीत घालायच्या आणि पलीकडे वेसवीला उतरून केळशी, आंजर्ले. पुढे दाभोळहून धोपाव्याला दुसरी बोट. छोटे रस्ते, कडेला नारळीपोफळी, वेगाचं काही काम नाही, ही गाडी यासाठीच आहे असं वाटतं तिथे.

कागदांचं लगेच बघ. गाडी 2001 ची म्हणजे 15 वर्षांनी 2016 ला आणि मग 2021 ला काकांनी पासिंग करून घेतलं असणार, तर आता 2026 ला आरसी संपते. 20 वर्षांपुढच्या मोटरसायकलची नूतनीकरणाची फी 2025 मधे 2000 रुपये केलीये, पर्यावरण कर वेगळा. इन्शुरन्स आणि पीयूसी लागेल, नवीन एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी, नंबर प्लेट पण लागेल. आणि गाडी अजून काकांच्याच नावावर असेल तर आधी फॉर्म 31 भरून काकूंच्या किंवा तुझ्या नावावर करावी लागेल, त्याला काकांच्या मृत्यूचा दाखला लागतो. काकूंना तो मागताना जरा वेळ बघून माग.

त्या गॅरेजवाल्याला नाही म्हणून सांग. 42 हजारांतले बारा पंधरा हजार आपण या सगळ्यावर घालू. मी पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी येतो, हत्यारं घेऊन, दोन दिवस राहीन. तोवर गाडीला किक मारू नकोस, मोह झाला तरी. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ठेव, प्लग खोलून आत चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि रात्रभर तसंच राहू दे, दुसऱ्या दिवशी चौथ्या गिअरवर मागचं चाक हाताने हळू फिरव, इंजिन मोकळं फिरतंय का एवढंच बघ. अडकलं तर जोर करू नकोस, मला फोन कर.

टाकीला हात लावायच्या आधी मला कॉकचा एक फोटो काढून पाठव. शेवटची काकांनीच लावली होती ना, मग बंदच असेल.

तुझा,
बाळ्या