द्वारका चौकात खाली राहिलेल्यांचं काय?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
रस्ते वाहतूक व महामार्ग, भारत सरकार

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या काठे गल्लीत राहतो. घरापासून द्वारका चौक चालत सात मिनिटांवर आहे. संध्याकाळी तो ओलांडायला मात्र कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो.

इथे दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना भेटतात, एक मुंबई-आग्रा आणि दुसरा नाशिक-पुणे. जुन्या हिशेबात तीन नंबर आणि पन्नास नंबर. मध्यंतरी नंबर बदलले, पण रिक्षावाल्यांना आणि आम्हाला ते आग्रारोड आणि पुणेरोड म्हणूनच ठाऊक आहेत. रेल्वे स्टेशन पहिल्यापासून गावाबाहेर, पुणेरोडच्या दिशेला नाशिकरोडला, आठ-नऊ किलोमीटरवर. १८८९ साली गाव आणि स्टेशन जोडायला घोड्यांची ट्राम घातली होती, म्हणजे या दिशेची ये-जा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका मिळून महानगरपालिका झाली. कागदावर एक शहर झालं आणि गावाच्या कडेने जाणारा हायवे घराच्या मधोमध आला.

मग २०१३ मध्ये उड्डाणपूल सुरू झाला, सुमारे सहा किलोमीटरचा. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. चांदवडला रेणुकामातेच्या दर्शनाला निघालो की मीही वरूनच जातो. मुंबईहून धुळ्याला जाणाऱ्याला आता द्वारका लागतच नाही. पण तो पूल फक्त सरळ जाणाऱ्यांसाठी आहे. दोन महामार्ग भेटतात म्हटल्यावर एकावरून दुसऱ्यावर जायची सोय हवी ना? ती आजही खांबांच्या मधूनच आहे.

नकाशा समोर घेऊन बघा. पुण्याकडून आलेल्याला धुळ्याकडे जायचं तर उजवीकडे वळावं लागतं. मुंबईकडून आलेल्याला नाशिकरोडला जायचं तर त्यालाही उजवीकडेच. हे दोन्ही उजवे एकमेकांना आडवे येतात, आणि त्यात सारडा सर्कलकडून गावातली सगळी वाहनं येऊन मिळतात. संध्याकाळी सहाला इथे उभं राहिलं की एक देखावा हमखास दिसतो. भाजीचे क्रेट लादलेला आयशर वळायला लागतो आणि अर्ध्यात अडकतो. मग क्लीनर खाली उडी मारतो, खांद्यावरचा पंचा हातात घेऊन गाडीपुढे उलटा चालू लागतो, एक तळवा बसच्या काचेला आणि दुसरा स्कूटीवाल्यांना दाखवत. त्याच्या मागून आयशर इंच-इंच सरकतो. आयशर निघून गेला की पंचा परत खांद्यावर. त्या दोन मिनिटांपुरता चौकाचा कारभार त्या पोराच्या हातात असतो, आणि खरं सांगायचं तर तो बरा चालवतो.

पायी माणसासाठी पुलाबरोबर भुयारी मार्गही झाला. माझी आई तेव्हा सत्तरीला आली होती. एकदाच उतरली. खाली अंधार, पायऱ्यांवर गुटख्याच्या पुड्या, कोपऱ्यात साचलेलं पाणी आणि नको ती मंडळी. दहाव्या पायरीवरून माझा हात धरून मागे फिरली. पुढे तिथे कुलूपच दिसू लागलं. आई नंतर शेवटपर्यंत वाहनांतूनच चौक ओलांडत राहिली, पदर खोचून, हात वर करून. भुयार बांधणाऱ्यांनी माणूस गाडीच्या वाटेतून कसा बाजूला काढायचा याचा विचार केलेला दिसतो. गुडघे दुखणारं माणूस तेवढ्या पायऱ्या उतरून पुन्हा चढेल का, हे कोणी विचारलं नसावं.

पूल झाला म्हणून वरचे सुटले असंही नाही. २०२५ च्या जानेवारीत द्वारकाजवळ याच पुलावर लोखंडी सळया बाहेर आलेल्या ट्रकवर देवदर्शनाहून परतणाऱ्यांचा टेम्पो आदळला. त्या रात्री आमच्या गल्लीत कोणी नीट जेवलं नाही.

त्यानंतर चौकातलं वाहतूक बेट काढलं गेलं. आता वाहनांसाठी भुयारी मार्ग करायचं चाललंय असं कानावर येतं. याआधी नाशिकरोडकडे दुमजली पुलाची चर्चा झाली. २०२१ च्या अर्थसंकल्पात निओ मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले होते, ती मेट्रो अजून आम्ही चित्रातच पाहतो. तेव्हा नवीन घोषणेने आम्ही फार हुरळत नाही, साहेब. चेन्नईच्या कथिपाऱ्याला २००८ मध्ये झालं तसं पाकळ्यापाकळ्यांचं जंक्शनही मागत नाही. तेवढी जागा इथे कुठून आणणार?

मागणं एवढंच की खोदायच्या आधी वळणाऱ्यांचा हिशेब मांडा. पुन्हा सरळ जाणाऱ्यांनाच वाट मिळाली आणि उजवे दोघे वर तसेच राहिले, तर इतका पैसा ओतूनही क्लीनरचा पंचा सुटणार नाही. आणि पायी माणसाला खाली धाडू नका. जमिनीवरच, सर्व बाजूंची वाहनं एकदम थांबतील असा सिग्नल द्या, म्हातारं माणूस पलीकडे पोहोचेल इतक्या सेकंदांचा. काम चालू असताना माती कुठे टाकणार, रुग्णवाहिका कुठून जाणार आणि नाशिकरोडच्या बस कुठे थांबणार, हे फलकावर मराठीत लिहून आधी लावा.

घाई आहे हे मान्य. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. पण पर्वणीच्या दिवशी गाड्या बाहेरच्या वाहनतळावर अडवतात, आणि माणसं पायीच निघतात, डोक्यावर बोचकं, हाताला नातवंड. स्टेशनकडून रामकुंडाला जायचा सरळ रस्ता द्वारकावरूनच आहे. म्हणजे ज्या दिवसांसाठी एवढी धावपळ चाललीय, त्याच दिवसांत या चौकात सर्वांत जास्त पायी माणसं असतील.

एकदा या. ताफा मुंबई नाक्याला ठेवा आणि तिथून वडाळा नाक्यामार्गे पुलाखालून चालत या. बुधवारी संध्याकाळी आलात तर उत्तम. त्या दिवशी गोदाकाठी, आमच्या भाषेत गंगेवर, बाजार असतो, चौक पुरा भरलेला दिसेल. मी भुयाराच्या कुलपापाशी उभा असेन.

आपला,
काठे गल्लीतला एक रहिवासी, नाशिक