पॉवरफुल मॅग्नेट, पण किती डिग्रीला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चीनने एप्रिल २०२५ मध्ये समेरियम, डिस्प्रोसियम, टर्बियम, गॅडोलिनियम धरून सात रेअर अर्थ धातूंच्या (यातले काही मॅग्नेटमध्ये लागतात) निर्यातीला परवान्याची अट घातली तेव्हापासून मॅग्नेटच्या बातम्या सारख्या येतायत, आणि छापताय ते चांगलंच आहे. पण प्रत्येक बातमीत टिमकी एकच, "जगातला सगळ्यात पॉवरफुल मॅग्नेट". अहो, पण किती डिग्रीला? कॅटलॉगमधला आकडा रूम टेम्परेचरचा असतो, आणि इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमधला रोटर, म्हणजे फिरणारा भाग, सहज १५० डिग्री सेल्सियसच्या आसपास जातो, तिथे काय उरतं ते कुणीच लिहीत नाही.

निओडिमियमचा (म्हणजे निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचा) मॅग्नेट दर डिग्रीला साधारण ०.१२ टक्के फील्ड सोडतो, म्हणजे २० वरून १५० ला गेला की पंधराएक टक्के गेले. समेरियम कोबाल्टचा २:१७ प्रकार (साधारण दोन समेरियमला सतरा कोबाल्ट) तेवढ्यातच चारेक टक्के. हे गेलेलं थंड झाल्यावर परत येतं, त्याचं एवढं काही नाही. खरी गोम आहे कोअर्सिव्हिटीत, म्हणजे उलट्या फील्डपुढे तग धरायची ताकद, ती निओडिमियममध्ये १५० ला निम्म्याहून जास्त उतरलेली असते आणि नेमकं तेव्हाच मोटरच्या कॉइलमधून उलट्या फील्डचा झटका बसला की मॅग्नेट कमजोर झाला तो झालाच, नंतर कितीही थंड करा, पुन्हा मॅग्नेटाइझ केल्याशिवाय भरून येत नाही. बातम्यांत या दोन्हींची सरमिसळ होते.

म्हणून निओडिमियमच्या मॅग्नेटमध्ये डिस्प्रोसियम घालतात. त्याने कोअर्सिव्हिटी वाढते पण त्याचं चुंबकत्व लोखंडाच्या उलट दिशेला, त्यामुळे फील्ड कमी होतं, शिवाय माल महाग. आता ते सगळीकडे न मिसळता बाहेरून लावून, तापवून फक्त मॅग्नेटमधल्या बारीक कणांच्या कडांमध्ये मुरवतात, कारण उलटायला सुरुवात बहुतेक कडेपासूनच होते. मग सगळीकडे समेरियम कोबाल्टच का नाही वापरत? एक तर कोबाल्ट महाग, त्यात मॅग्नेट इतका ठिसूळ की जरा आपटला की टवका उडालाच.

जायरोस्कोप (दिशा मोजणारं उपकरण) किंवा ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबला (मायक्रोवेव्ह सिग्नल वाढवणारी नळी) मात्र ते चार टक्केही चालत नाहीत. तिथे समेरियमच्या जागी थोडं गॅडोलिनियम घालतात. गॅडोलिनियमचं चुंबकत्व कोबाल्टच्या विरुद्ध, म्हणजे ते एकूण फील्डमधून वजा होत असतं, पण तापल्यावर ते कोबाल्टपेक्षा भराभर घटतं, वजाबाकीच कमी होते आणि उरलेलं फील्ड जवळपास जागचं हलत नाही. ठरावीक टेम्परेचरच्या पट्ट्यातच हं, आणि मुळातलं फील्ड कमी करून. मला विचाराल तर या अख्ख्या विषयातली सगळ्यात डोकेबाज आयडिया हीच, आणि तिच्यावर दोन ओळी कधी दिसल्या नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी नव्या मॅग्नेटचा दावा केला की वार्ताहराने दोनच गोष्टी विचाराव्यात, १५० ला फील्ड किती आणि कोअर्सिव्हिटी किती, आणि उत्तर नसेल तर तसं छापावं. थंडीचंही विचारायला हरकत नाही, कारण उणे १३८ च्या खाली निओडिमियमच्या मॅग्नेटमधल्या चुंबकत्वाची दिशाच तिरकी व्हायला लागते, म्हणून अतिथंड अंड्युलेटरमध्ये (इलेक्ट्रॉनच्या झोताला नागमोडी नेऊन प्रकाश किंवा एक्स-रे काढणारं यंत्र) प्रेसिओडिमियमचा मॅग्नेट घेतात.

आपला,
एक वाचक