पेट-स्कॅनची यंत्रे आली, ती चालवणाऱ्यांचे काय?

नवी मुंबईत पेट-स्कॅनच्या, म्हणजे कर्करोगासारखे आजार शोधणाऱ्या तपासणीच्या, सोयी वाढत असल्याचे वृत्त वाचले. आनंदच आहे, पण ही यंत्रे चालवणाऱ्या तंत्रज्ञांबद्दल त्यात एक ओळही नाही.

मी इथल्याच एका खासगी केंद्रात हे काम करतो. पेट-स्कॅनसाठी रुग्णाला टोचायच्या औषधातले फ्लोरिन-१८ हे किरणोत्सर्गी द्रव्य दर ११० मिनिटांनी निम्मे होते. सकाळी डोस आला की माणूस हजर हवाच. लोकल रखडली म्हणून औषध थांबत नाही. म्हणजे जवळ राहणे आले. सहा वर्षांच्या अनुभवानंतर हातात महिना ३२ हजार पडतात आणि केंद्राजवळ वन-बीएचकेचे भाडे आहे २२ हजार. म्हणून राहतो ठाण्याजवळच्या दिव्यात. पहाटे लटकत ठाणे, तिथून पनवेल लोकल. विज्ञानाची पदवी, वर पदविका, छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला, आणि पगार हा! सोबतचे दोघे गेल्या वर्षी आखातात गेले, त्यांना काय बोलणार?

आमची पात्रता अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवते, पगार मात्र मालकाची मर्जी. पदविकाधारकांसाठी शहरातील घरभाडे लक्षात घेऊन राज्य सरकारने वेतनश्रेणी ठरवावी.

– एक तंत्रज्ञ, दिवा (ठाणे)