लाउटरब्रुनेनच्या वाट्याला वीसच मिनिटे का?

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत उन्हाळी सहलींनिमित्त आलेला स्वित्झर्लंडवरील लेख वाचला. लेख माहितीपूर्ण होता, परंतु लाउटरब्रुनेनच्या दरीचा उल्लेख त्यात केवळ ‘युंगफ्राऊला जाताना गाडी बदलण्याचे स्थानक’ एवढाच आला. आपल्याकडील बहुतेक सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेतही या दरीला याहून अधिक जागा मिळत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही दोघे एका सहल कंपनीबरोबर तेथे गेलो होतो. ‘वीस मिनिटांत फोटो काढून परत या’ अशी सूचना मिळाली आणि स्थानकाच्या आवारातून दूरवर दिसणाऱ्या धबधब्याचा एक धूसर फोटो घेऊन आम्ही गाडीत बसलो. आता तेवढेही उरलेले नाही. डिसेंबर २०२० मध्ये शेजारच्या दरीतील ग्रिंडेलवाल्डहून युंगफ्राऊच्या लोहमार्गावरील आयगर हिमनदीच्या स्थानकापर्यंत पंधरा मिनिटांत नेणारा रोपवे सुरू झाल्यापासून अनेक गट तिकडूनच वर जातात. गेल्या वर्षी जूनअखेरीस आम्ही झुरिचला मुलीकडे गेलो असताना मुद्दाम लाउटरब्रुनेनला चार रात्री राहिलो, तेव्हा पहिल्या खेपेला आपण काय सोडून आलो होतो ते कळले.

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील ही दरी हिमनदीने कोरलेली आहे. तळ गावठाणासारखा सपाट आणि दोन्ही बाजूंना ताशीव कडे. मुख्य हिमनदीने आपला तळ खोल खणला, पण बाजूच्या लहान दऱ्या वरच लटकत राहिल्या. त्यामुळे त्यांतून येणाऱ्या प्रत्येक ओढ्याला खाली पोहोचण्यासाठी कड्यावरून उडीच घ्यावी लागते. असे ७२ धबधबे या दरीत आहेत, असे तेथे सांगितले जाते. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्यांना धबधब्यांचे काय अप्रूप, असे मलाही वाटत होते. परंतु आपले धबधबे पावसावर पोसलेले आणि दिवाळीपर्यंत आटणारे. तेथील धबधबे वितळत्या बर्फाचे असल्याने ऐन मे-जूनमध्ये, म्हणजे आपल्याकडे नळाला पाणी नसते तेव्हा, भरात असतात.

गावाच्या माथ्यावरून सुमारे ३०० मीटर खाली झेपावणारा श्टाउबबाख हा त्यांतला सर्वांत परिचित. जर्मन भाषेत ‘श्टाउब’ म्हणजे धूळ, आणि ते नाव किती नेमके आहे हे त्याच्याखाली उभे राहिल्यावर पटते. कड्याच्या काठावर पाण्याची जाड दोरी दिसते. निम्म्यावर येईतो तिचे धागे सुटतात आणि तळाशी पोहोचते ती फक्त ओली धूळ, जी वाऱ्याबरोबर कधी गावाकडे तर कधी कुरणाकडे सरकते. नाणेघाटात वाऱ्याने पाणी वर फेकले जाताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. शाकुंतलाची मुक्तकंठाने स्तुती करणारा जर्मन कवी गटे १७७९ मध्ये येथे आला होता. आकाशातून येऊन आकाशात परतणाऱ्या आणि पुन्हा धरतीवर उतरणाऱ्या पाण्याशी माणसाच्या आत्म्याची तुलना करणारी त्याची कविता याच धबधब्याने सुचवलेली आहे. उन्हाळ्यात कड्यात खोदलेल्या वाटेने पाण्याच्या मागे जाता येते, आणि त्याला एक फ्रँकही पडत नाही.

खरी थक्क करणारी जागा मात्र ट्रुमेलबाख. गावातून सपाट रस्त्याने पाऊण तासात चालत जाता येते. नको असेल तर पिवळी पोस्ट बस आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचे पाणी या एका ओढ्यातून डोंगराच्या पोटात उतरते आणि सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत वेगाने दहा टप्प्यांत खाली कोसळते. बाहेरून काहीच दिसत नाही, केवळ घुमल्यासारखा आवाज येतो. खडकातून वर नेणारी लिफ्ट १९१३ पासूनची. तिच्यातून उतरलो तेव्हा समोर पाण्याचा रंग पांढरा नव्हता, तर तांदळाच्या धुवणासारखा राखाडी होता, कारण त्यात दळलेला खडक असतो. कठड्यावर हात ठेवला तर लोखंड थरथरत होते. यजमानांनी उघडलेली छत्री पहिल्या वळणावरच निरुपयोगी ठरली आणि पुढचे सर्व बोलणे आम्ही खुणांनी केले. पायऱ्या ओल्या असतात, त्यामुळे चपला-सँडल टाळावेत. चार वर्षांखालील मुलांना आत प्रवेश नाही. दीड तासात सर्व पाहून होते. सहलीतल्या खरेदीच्या वेळेपेक्षा हे खचितच कमी आहे.

कड्यांच्या वर दोन्ही बाजूंना मोटारमुक्त गावे आहेत. पूर्वेला वेंगेन, पश्चिमेला १,६३८ मीटरवरील म्युरेन. केबल कारने ग्रुचआल्पला जाऊन तेथून म्युरेनपर्यंतची सुमारे साडेचार किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट आम्ही दोन तासांत, वाटेत पोळीचा रोल खात, पार केली. ती तिन्ही शिखरे सबंध वेळ डाव्या हाताला होती. यजमानांचे गुडघे दुखरे आहेत, हे येथे नमूद करते. म्युरेनच्या खालच्या गिमेलवाल्ड गावात विक्रेत्याविना चालणारे एक छोटे दुकान आहे. वस्तू घ्यायची, पैसे ठेवायचे आणि निघायचे. वाटेच्या कडेच्या उंच गवतात मात्र फोटोसाठी शिरू नये. तो गुरांचा हिवाळ्याचा चारा असतो, आणि तुडवलेले गवत कापता येत नाही.

युंगफ्राउयोखला, म्हणजे युंगफ्राऊजवळच्या खिंडीतील स्थानकाला, जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षे खपून आयगर व म्योंखच्या पोटातून नेलेला तो लोहमार्ग प्रत्येकाने एकदा पाहावाच. परंतु सत्तरीतल्या माणसांना दोन-अडीच तासांत थेट ३,४५४ मीटरवर नेले जाते, तेथे विरळ हवेत अनेकांना धाप लागते, डोके जड होते, आणि ढग असतील तर दोनशेहून अधिक फ्रँकांच्या तिकिटात पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. आमच्या पहिल्या सहलीत नेमके हेच झाले. त्याउलट वेंगेन आणि म्युरेन स्विस ट्रॅव्हल पासवर वेगळे तिकीट न काढता पाहता येतात. एक सावधगिरी मात्र हवी: मे महिन्यात उंचावरच्या बऱ्याच वाटा बर्फाखाली असतात आणि काही केबल कार देखभालीसाठी बंद असतात, त्यामुळे चालण्याची हौस असणाऱ्यांनी जूनअखेर गाठावी, धबधब्यांसाठी मे उत्तमच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ही दरी सध्या गर्दीने त्रासली आहे. मोटारींतून दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यावे काय, अशी चर्चा तेथे २०२४ मध्ये झाली. गावातला रस्ता एकच आणि अरुंद. वीस मिनिटांसाठी थांबणाऱ्या गटामुळे गावाला गजबज मिळते, मिळकत नाही; रात्री राहणारा पाहुणा मात्र तेथेच जेवतो, तेथेच गाडीने फिरतो आणि सकाळी गर्दी येण्यापूर्वी श्टाउबबाख पाहून मोकळा होतो.

सहल कंपन्यांना माझी विनंती एवढीच, की जवळच्या इंटरलाकेन गावातील मुक्कामातला एक पूर्ण दिवस या दरीला द्यावा आणि युंगफ्राऊची सहल ऐच्छिक ठेवून ज्येष्ठांना त्या दिवशी ट्रुमेलबाख व म्युरेनचा पर्याय द्यावा. आपल्या पुरवणीनेही पुढील लेखात लाउटरब्रुनेनहून सुटणाऱ्या गाड्यांबरोबर तेथे उतरल्यावर काय पाहावे हे छापले, तर पुढच्या मे महिन्यासाठी आत्ताच नोंदणी करणाऱ्यांना ते वेळेवर मिळेल.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक