गटिंगवाल्या काकांना, दुहेरीच्या खेळाडूंकडून

काका,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीच्या आसपास चेन्नई, दिल्ली, पुणे, बेंगळुरू अशा टेनिसच्या चॅलेंजर (मोठ्या एटीपी स्पर्धांच्या खालच्या पायरीच्या) स्पर्धा लागतात, तेव्हा पुण्याच्या बालेवाडीत तुमच्या गटिंगच्या, म्हणजे रॅकेटला तारा ओढायच्या, टेबलाशी "काका, आजच हवंय" म्हणत सगळ्यात जास्त घुटमळणारे ते आम्ही. दीडशे ते चारशे रँकिंगमधले, फक्त दुहेरी खेळणारे. आमच्याबरोबर कोच फिरत नाही, फिजिओ फिरत नाही. तुमचे आभार मानले जातात तेही घाईत, बॅगेची चेन ओढता ओढता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

आमच्या सामन्यात 40-40 ला अ‍ॅडव्हान्टेज नसतो. एकच पॉइंट, आणि रिटर्न कुठल्या बाजूने घ्यायचा ते रिटर्न करणारी जोडी ठरवते. एक-एक सेट झाला की तिसरा सेट नाही, थेट 10 पॉइंटांचा टायब्रेक. ड्रॉ 16 जोड्यांचा. पहिल्या फेरीत हरलं की गुण शून्य, पैसे दोघांत निम्मे, आणि गेल्या वर्षीचे गुण 52 आठवडे भरले की जातात ते जातातच. 40-40 च्या त्या एका पॉइंटला अंगावर आलेली सर्व्हिस नुसती ब्लॉक करून नेटवरच्या माणसाच्या पायाशी टाकायची असते. रॅकेटच्या तारांचा ताण 3 पौंड सैल पडला तर तोच बॉल वीतभर वर राहतो आणि व्हॉली होऊन परत येतो. आमचं वर्ष अशा वीतभर अंतरांवर चालतं, आणि ती वीत तुम्ही सांभाळता.

हाताने हँडल फिरवायच्या मशीनवरचं 52 पौंड आणि तुमच्या इलेक्ट्रॉनिक मशीनवरचं 52 एक नसतं, हे आम्हाला तुम्ही समजावलं. हँडलचं मशीन ठरलेल्या ताणाला लॉक होतं आणि त्या क्षणापासून तार ढिली पडायला लागते. तुमचं मशीन क्लॅम्प, म्हणजे तार धरून ठेवणारा चिमटा, लागेपर्यंत ओढत राहतं. म्हणून क्लबात 52 वर खेळणाऱ्याला तुम्ही आधी विचारता, "कुठल्या मशीनवरचं 52?" हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. क्लॅम्प घसरू नयेत म्हणून तुम्ही त्यांचे दात स्पिरिटने पुसता. फ्रेम बसवताना घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागचे आधार पक्के आहेत का ते हाताने दाबून बघता, कारण तिथे ढिलाई राहिली तर उभ्या तारा ओढतानाच फ्रेम आखूड आणि रुंद होते. उभ्या तारा थ्रोटकडे, म्हणजे मुठीच्या बाजूला, संपल्या की एकाच तुकड्यात पुढे गेल्यावर आडव्या खालून वर भराव्या लागतात आणि शेवटचा सगळा ताण डोक्याकडच्या नाजूक भागावर येतो. अशा रॅकेटला तुम्ही न सांगता दोन तुकडे घेता. चार गाठी माराव्या लागतात, वेळ जास्त जातो, पैसे तेवढेच.

आमच्यातले बरेच जण उभं नॅचरल गट (जनावराच्या आतड्याची तार) आणि आडवं पॉलिएस्टर लावतात, गट 54 वर तर पॉली 51 वर. व्हॉलीला हात मऊ राहतो. पण गट महाग, आणि आडवी तार एकाच जागी घासत ओढली तर ते तिथेच जळतं आणि दुसऱ्या सेटमध्ये तुटतं. तुमच्या हातात ती तार कमानीसारखी वरखाली फिरत सरकते. बघत राहावं असं काम आहे ते.

पॉलिएस्टरचा ताण पहिल्याच दिवसात दहा टक्क्यांच्या आसपास उतरतो. एकेरीवाल्याला आदल्या संध्याकाळी वेळ कळते. आमचा सामना मात्र "चौथ्या मॅचनंतर", आणि ऑल्टर्नेट म्हणून, म्हणजे कुणी माघार घेतली तर आत जायला, बसलेल्या जोडीला तर खेळायला मिळेल की नाही हेही ठाऊक नसतं. अशा वेळी तुम्ही रॅकेट घेऊन ठेवता, जुनी तार काढून ग्रॉमेट (फ्रेमच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या) तपासून ठेवता, आणि निरोप आला की 25 मिनिटांत एक तयार करून देता. बाकीच्या दोन पहिला सेट चालू असताना कोर्टवर येतात.

चेन्नईला हवा दमट, बॉलची लव फुगते, बॉल जड होतो. तिथून येणारे 50 सांगतात. पुणे साडेपाचशे मीटरवर, बेंगळुरू नऊशेच्या वर; बॉल उडतो. "इथे 52, बेंगळुरूला 54 सांग," असं तुम्ही कागदाच्या चिठ्ठीवर तारखेसकट लिहून बॅगेत टाकता. ती चिठ्ठी आम्ही पुढच्या गावच्या स्ट्रिंगरला दाखवतो.

पैशाचंही तुम्हीच बघितलंत. 12 मीटरचं सुटं पाकीट घेण्यापेक्षा 200 मीटरचं रील घ्या, रॅकेटला 11 मीटर धरलं तर 18 होतात. पार्टनर तीच तार वापरत असेल तर रील दोघांत घ्या. एक तार तुटली की बाकीच्या लगेच कापा, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, नाहीतर एकाच बाजूचा ताण फ्रेमला वाकवतो. आता आमच्या प्रत्येकाच्या बॅगेत कात्री असते.

एकच उरलं. चिरलेल्या ग्रॉमेटची कड तार कापते हे तुम्ही किती वेळा दाखवलंत, आणि प्रत्येक वेळी नळीचा बारीक तुकडा घालून वेळ भागवलीत. स्पॉन्सर नसल्यामुळे आमच्या फ्रेम जुन्या मॉडेलच्या, त्यांच्या ग्रॉमेटच्या पट्ट्या दुकानात सहज मिळत नाहीत. त्या शोधून ठेवल्या आहेत. पुढच्या खेपेला रॅकेटबरोबर घेऊनच येतो.

आपले,
दुहेरीतले आम्ही काही जण