फाइट थांबवणाऱ्या कोचबद्दलही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बॉक्सिंगची बातमी आली की कोण जिंकला, कितव्या राउंडला नॉकआउट झाला एवढंच छापून येतं, कॉर्नरमधे, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात बॉक्सरच्या मदतीला, कोण उभं होतं ते कुणी लिहीतच नाही. म्हणून बॉक्सर असलेल्या आणि पुढे कोच झालेल्या बडी मॅकगर्टबद्दल लिहितोय.

न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रेंटवुडचा हा माणूस स्वतः दोन वजनगटांत वर्ल्ड चॅम्पियन. १९८६ ला फ्रँकी वॉरनकडून हरला आणि १९८८ च्या फेब्रुवारीत त्याच वॉरनला बाराव्या राउंडला संपवून त्याने आयबीएफचा (इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन) ज्युनियर वेल्टरवेट गटाचा बेल्ट घेतला, तो काही महिन्यांतच मेल्ड्रिक टेलरने काढून घेतला, मग १९९१ ला सायमन ब्राऊनला हरवून वेल्टरवेटमधे परत चॅम्पियन. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १९९३ ची पर्नेल व्हिटेकर या बॉक्सरविरुद्धची फाइट. डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) हे मॅकगर्टचं खरं हत्यार आणि डावा खांदाच दुखावलेला, तरी पठ्ठ्या बाराच्या बारा राउंड लढला आणि पॉइंट्सवर हरला. म्हणजे अंगात काही उरलेलं नसताना बॉक्सर "मी ठीक आहे" का म्हणतो, हे त्याला कुणी शिकवायची गरजच नव्हती.

पुढे कोच म्हणून नाव झालं ते आर्टुरो गाटीमुळे. गाटी मार खात खात मारणारा, पब्लिकचा लाडका, पण मे २००२ ला मिकी वॉर्डकडून हरला. मॅकगर्टने त्याला जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारून बाजूला सरकायला लावलं आणि वॉर्डविरुद्धच्या पुढच्या दोन्ही फाइट गाटीने जिंकल्या. २००४ ला अँटोनियो टार्व्हर या बॉक्सरने नावाजलेल्या रॉय जोन्सला दुसऱ्याच राउंडमधे झोपवलं तेव्हाही कॉर्नरमधे हाच होता.

आणि मग २००५. फ्लॉइड मेवेदर हा बॉक्सर गाटीला नुसता बडवत होता, सहाव्या राउंडनंतर मॅकगर्टने फाइट थांबवली. आपल्या सगळ्यात लाडक्या बॉक्सरला, त्याच्याच चाहत्यांसमोर स्टुलावरून उठू द्यायचं नाही, याला जिगर लागते हो.

जून २०१९ ला मॅकगर्ट बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममधे (थोर बॉक्सर-कोचांच्या मानाच्या यादीत) गेला आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या हाताखालच्या मॅक्सिम दादाशेव या बॉक्सरची फाइट. अकराव्या राउंडनंतर मॅकगर्ट त्याला अक्षरशः विनवत होता की मी थांबवतो, तू फार मार खातोयस, आणि तो पोरगा नुसती मान हलवून नाही म्हणत होता, शेवटी मॅकगर्टने त्याचं न ऐकता रेफरीला सांगितलं. चार दिवसांनी दादाशेव गेला, मेंदूत रक्तस्राव झाला होता, वय फक्त २८. तो व्हिडिओ बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

दोन राउंडच्या मधे एकच मिनिट असतं. तेवढ्यात पाणी द्यायचं, सूज दाबायची, रक्त थांबवायचं, पुढचा डाव सांगायचा आणि त्याच वेळी पोराचे डोळे बघून ठरवायचं की आता बास. मॅचचे डॉक्टर आणि रेफरी असतातच, पण बॉक्सरची रोजची चाल, रोजचा श्वास माहीत असतो तो कोचलाच.

माझी एवढीच विनंती आहे की कॉर्नरने फाइट थांबवली तर बातमीत "शरणागती", "माघार", "हार मानली" असे शब्द वापरू नका, सरळ "कोचने फाइट थांबवली" असं लिहा आणि त्या कोचचं नावही द्या. हे पेपर बॉक्सिंग शिकणारी पोरंही वाचतात आणि त्यांचे आईवडीलही.

आपला,
एक नियमित वाचक