माझं पोरगं शाळाबाह्य नाही! शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

साहेब, काल दुपारी दोन मॅडम सर्व्हेचा कागद घेऊन आल्या आणि माझ्या पोराचं नाव शाळाबाह्य मुलांच्या यादीत लिहून गेल्या. पोरगं तेव्हा ओट्यावर बसून अपूर्णांकाची गणितं सोडवत होतं. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

जूनमध्येच आम्ही शिक्षण खात्याच्या ऑफिसात अर्ज दिलेला, की आम्ही ह्याला घरी शिकवतो, तुम्ही वर्षातून दोनदा परीक्षा घ्या. तिथले साहेब म्हणाले पंधरा दिवसात लेखी उत्तर देतो. चार चकरा मारल्या, प्रत्येक वेळी शिलाईचं काम सोडून, गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन. उत्तर म्हणून ही यादी आली.

सहावीपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं. रोज वर्गाबाहेर ओणवं उभं करायचे, सगळ्या पोरांसमोर बैलोबा म्हणायचे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, मी ते छापून नेलं तर मास्तर म्हणाले ताई, मुलगे असेच असतात, धाक लागतोच. दर सोमवारी सकाळी पोराला उलट्या व्हायच्या. सासूबाई म्हणायच्या तूच लाडावून ठेवलास, आणि मी रात्र रात्र जागी, खरंच माझंच चुकलं का म्हणून.

घरी आणल्यावर दोन महिने पुस्तक दाखवलंच नाही. आजोबांबरोबर विहिरीवर जायचा, मोटर खोलायचा, वावर मोजायचा. मग एक दिवस स्टार्टरबरोबर आलेला माहितीचा कागद बोट ठेवून ठेवून स्वतःच वाचायला लागला, मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

आता मला सांगा, ह्याच कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकायचा हक्क दिला, तो बाकीच्यांना का नाही? तुमचंच मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावीची परीक्षा शाळेत न जाता देऊ देतं, दहावीला बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म आहेच. म्हणजे परीक्षा बाहेरून चालते, मग त्याआधीचं शिकणं घरी का चालत नाही? २०२५ ला दहावीत मुली ९६.१४ टक्के पास, मुलगे ९२.३१. पोरींचं कौतुकच आहे, पण मागे राहिलेल्या पोरांचं काय होतं हे कोण विचारतं, आणि हे तर नुसते परीक्षेला बसलेले, आधीच गळाले ते ह्यात धरलेलेच नाहीत.

मास्तरांवर तरी किती चिडू, त्यांना निवडणूक, सर्व्हे, खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं, ह्यातून शिकवायला वेळ कधी मिळणार. सगळं खातं रकाने भरण्यात गुंतलंय, रकान्यात नाव असलं की पोरगं शिकलं असं धरतात, मग त्याला वाचता येवो न येवो.

मला पैसे नकोत, पुस्तकं नकोत. घरी शिकणाऱ्या मुलाची नोंद शाळाबाह्य म्हणून करू नये, केंद्रावर परीक्षा घ्यावी, आणि त्याला परत शाळेत जावंसं वाटलं तर वयानुसार वर्गात घ्यावं, एवढा जीआर काढा.

सोमवारी त्या मॅडम परत येणार आहेत, त्याचं नाव शाळेत टाकायला. पोरगं कालपासून विचारतंय, आई, मला परत तिथे उभं करणार का?

एक आई